आजींच्या वह्या

ग्रीनफिल्ड हा पिट्सबर्गचा जुना कामगारांचा भाग. टेकडीच्या उतारावर एकमेकांना खेटून उभी असलेली विटांची अरुंद घरं, प्रत्येक घराला पुढे छपराचा पोर्च, आणि खाली मोनोंगहेला नदीच्या काठाला हेझलवूडचा पोलाद कारखाना. १९७९च्या ऑगस्टमध्ये लग्न होऊन मी वाईहून थेट तिथे पोहोचले. नवरा कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएच.डी. करत होता, सकाळी जायचा तो रात्री उगवायचा. मला गाडी चालवता येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि इंग्रजी सगळं पुस्तकातलं. पुस्तकातलं इंग्रजी त्या गल्लीत कुणी बोलत नव्हतं.

शेजारच्या पोर्चवर संध्याकाळी रेडिओ लागायचा. आमच्या घरी कसोटी सामन्याच्या दिवशी वडील बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ऐकायला बसले की कुणी भांडंसुद्धा आपटायचं नाही. तोच सूर मला या रेडिओतून ऐकू यायचा. निवेदक बोलतो, थांबतो, मागे हजारो माणसांची कुजबुज चालू राहते, मग एकदम आवाज चढतो. शब्द कळत नव्हते, तरी मी कठड्याला टेकून ऐकत राहायचे. एका संध्याकाळी शेजारच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “उभी का? इथे खुर्ची आहे.”

त्या माझ्या आजी. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. साठीच्या आसपासचं वय, आईवडील स्लोव्हाक, जन्म मात्र इथलाच. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. नवरा हेझलवूडच्या कारखान्यात आयुष्य घालवून वारलेला, मुलगा त्याच कारखान्यात कामाला. मांडीवर एक लांबट वही आणि कानामागे पेन्सिल. ती वही म्हणजे बेसबॉलची स्कोअरबुक, हे मला कळायला आठवडा गेला. ती वाचता यायला सगळा सप्टेंबर गेला.

वहीत प्रत्येक बॅटरच्या प्रत्येक पाळीला एक चौकोन असतो. मैदानावरच्या जागांना एक ते नऊ आकडे: पिचर एक, कॅचर दोन, पहिल्या बेसवाला तीन, दुसऱ्या बेसवाला चार, शॉर्टस्टॉप सहा. चेंडू शॉर्टस्टॉपने अडवला, दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून तो पहिल्या बेसवर गेला आणि दोघे बाद झाले, की लिहायचं ६-४-३. तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद झाला की ‘के’. बॅट न हलवता नुसता बघत राहिला आणि बाद झाला तर तोच ‘के’ उलटा काढायचा. हा उलटा ‘के’ आजी जरा जोर देऊन काढत. प्रयत्नच न करणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत त्या पेन्सिलीच्या दाबात दिसायचं. समासात त्या काहीबाही लिहीत, ते स्लोव्हाकमध्ये. त्या ओळी मला वाचता येत नव्हत्या आणि त्यांच्या मुलालाही येत नव्हत्या.

मी आले ते वर्षच विलक्षण होतं. पिट्सबर्ग पायरेट्सचा कर्णधार विली स्टारजेल तेव्हा ३९ वर्षांचा होता. सगळा संघ त्याला ‘पॉप्स’ म्हणायचा. चांगला खेळ केला की पॉप्स त्या खेळाडूला कापडाचा एक सोनेरी तारा द्यायचा आणि तो टोपीवर शिवायचा. कोट्यवधींचे करार करणारे दांडगे बाप्ये त्या ताऱ्यासाठी शाळकरी पोरांसारखे झटायचे. ‘सिस्टर स्लेज’ या बहिणींच्या चमूचं ‘वी आर फॅमिली’ हे गाणं संघाने आपलं म्हणून घेतलं होतं. ते वाजलं की खेळाडूंच्या बायका डगआउटच्या छपरावर चढून नाचायच्या. आमच्याकडे हे चाललं असतं का, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, चालायला हरकत नव्हती.

ऑक्टोबरात बॉल्टिमोरशी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका. सातपैकी चार सामने जिंकायचे. चार सामने झाले तेव्हा आम्ही ३-१ असे मागे होतो. १४ ऑक्टोबरला पाचवा सामना. त्या दिवशी सकाळी संघाचे मॅनेजर चक टॅनर यांची आई वारली. टॅनर मैदानावर आले. पिचर म्हणून जिम रूकरला उतरवलं, आणि हा जुगार आहे असं आजींना वाटत होतं. रूकरने पाच इनिंग सांभाळल्या, पुढचे चार बर्ट ब्लायलेव्हनने. ७-१. मग बॉल्टिमोरला जाऊन ४-०. आणि १७ ऑक्टोबरच्या रात्री सातव्या सामन्यात, सहाव्या इनिंगमध्ये, खुद्द पॉप्सचा होमरन. ४-१.

गल्लीत मोटारींचे भोंगे सुरू झाले. आजी आतून पातेलं आणि डाव घेऊन आल्या आणि पोर्चवर उभ्या राहून बडवायला लागल्या. मलाही एक झाकण दिलं.

“दर वर्षी असं होतं का?” मी विचारलं.

“सवय लावून घेऊ नकोस, पोरी.”

त्यानंतर पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही. तिथे पोहोचलेसुद्धा नाहीत.

त्या हिवाळ्यात खेळ नव्हता तेव्हा आजींनी मला जुनं सगळं सांगितलं. माझ्या उच्चारांना दुकानात लोक हसतात, असं मी एकदा रडवेली होऊन म्हणाले, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. एका बाजूला येशू, दुसऱ्या बाजूला रॉबर्तो क्लेमेंते. पोर्तो रिकोचा हा खेळाडू १९५५मध्ये पिट्सबर्गला आला. त्याचं नाव इथल्या लोकांनी परस्पर ‘बॉब’ करून टाकलं. तो जसं इंग्रजी बोलायचा तसंच्या तसं, उच्चारांसकट, वर्तमानपत्रं छापायची, म्हणजे वाचणाऱ्यांना हसू यावं. १९७१ची वर्ल्ड सिरीज त्याने जवळपास एकट्याने जिंकून दिली. शेवटच्या सामन्यानंतर टीव्हीवाल्यांनी त्याच्यापुढे माईक धरला, तेव्हा इंग्रजीत काही बोलण्याआधी तो स्पॅनिशमध्ये बोलला. घरी बसलेल्या आईवडिलांकडे त्याने आशीर्वाद मागितला.

“मला एक अक्षर कळलं नाही,” आजी म्हणाल्या, “पण कुणाशी बोलतोय ते कळलं. माझा नवरा उठून बाहेर गेला. त्याला माझ्यासमोर रडायचं नव्हतं.”

३० सप्टेंबर १९७२ला क्लेमेंतेने आपला ३,००० वा हिट मारला. नियमित हंगामातला तो त्याचा शेवटचा ठरला. डिसेंबरात निकाराग्वातल्या मानाग्वा शहरात भूकंप झाला. पाठवलेली मदत लोकांपर्यंत न पोहोचता मधल्या मध्ये गडप होते, असं ऐकल्यावर क्लेमेंते स्वतः सामानाबरोबर निघाला. ३१ डिसेंबरच्या रात्री त्याचं जुनाट, नको इतकं लादलेलं विमान पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. मृतदेह सापडला नाही. इकडे त्याची शोकसभा चालू असताना त्याचा सहखेळाडू मॅनी सांगियेन तिकडे पाणबुड्यांबरोबर समुद्रात त्याला शोधत होता. हे सांगताना आजी बटाटे सोलत होत्या आणि त्यांनी सोलणं थांबवलं नाही. दुकानात कोण हसतं ते त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

१९८२च्या उन्हाळ्यात वाईला माझे वडील गेले. तार आली ती तीन दिवसांनी. मला आठवा महिना चालू होता आणि डॉक्टरांनी विमानाला साफ नकार दिला होता. नवऱ्याने ट्रंककॉल लावायचा खूप प्रयत्न केला. अखेर लागला तेव्हा पलीकडून कुणाचा तरी रडण्याचा आवाज आला आणि लाइन तुटली. इथल्या मराठी मंडळातली माणसं आली, बसली, जेवणाचे डबे ठेवून गेली. सगळी भली माणसं होती. प्रत्येक जण काहीतरी बोलत होता, आणि मला एकही वाक्य ऐकवत नव्हतं.

संध्याकाळी मी बाहेर आले. शेजारी रेडिओ लागलेला होता. आजींना कळलेलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि मी बसल्यावर काही न बोलता वही माझ्या मांडीवर ठेवली, पेन्सिल हातात दिली. तोपर्यंत त्यांनी ती वही कुणाला भरू दिलेली नव्हती, मुलालाही नाही. सेंट लुईसशी सामना होता. मी लिहू लागले. ४-३. ‘के’. सिंगल. ६-४-३. कुठे चुकलं तर आजी फक्त बोट ठेवायच्या. नऊ इनिंग संपेपर्यंत आमच्यात एवढाच व्यवहार झाला. मध्ये केव्हातरी माझे डोळे वाहत होते, कागद भिजला, पेन्सिलीचे आकडे फिस्कटले. ते पान अजून तसंच आहे. कोण जिंकलं हे मला कधीही विचारलं तर सांगता यायचं नाही, वही उघडून बघावं लागतं.

पुढे मुलगी झाली. तिला सांभाळून आजींनी मला गाडी शिकायला पाठवलं, वाचनालयातल्या नोकरीचा अर्ज करायला लावला, आणि पहिल्या पगाराच्या दिवशी मी त्यांच्यासाठी एक चांगला स्वेटर घेऊन गेले तर त्या संतापल्या. आपण काही दिलंय, असं त्यांना वाटतच नव्हतं. मग फेड कशाची घेणार? माझ्याकडून त्यांना फक्त शंकरपाळे चालत. चौथ्या इनिंगपर्यंत डबा रिकामा व्हायचा.

त्यांच्यावर दिवस वाईट येत होते. मोनोंगहेलाच्या काठचे पोलाद कारखाने एकामागून एक माणसं कमी करत होते. पलीकडचा होमस्टेडचा अवाढव्य कारखाना १९८६ला बंदच झाला. आजींच्या मुलाची नोकरी त्याआधीच गेली. गल्लीतले अर्धेअधिक तरुण टेक्ससला निघाले होते, तोही ह्यूस्टनला गेला. आणि त्याच सुमारास पायरेट्सही बुडाले. १९८५मध्ये संघ १०४ सामने हरला. पिट्सबर्गच्या कोर्टात कोकेनचे खटले उभे राहिले आणि देशातले नामांकित बेसबॉलपटू साक्षीला येऊन आपण काय काय हुंगलं ते सांगू लागले. संघ विकायला निघाला होता, तो दुसऱ्या गावाला जाणार अशी बोलवा होती. शेवटी शहरातल्या कंपन्यांनी वर्गणी काढावी तसे पैसे घालून आणि महापालिकेची मदत घेऊन त्याला ठेवून घेतलं. आजींनी त्या हंगामातला प्रत्येक सामना लिहिला. १०४ हार. मी एकदा म्हटलं, आज नको, ऐकवत नाही. त्या म्हणाल्या, “अर्धी वही ठेवायची नसते. मग घेऊच नये.”

हसूही यायचं, नाही असं नाही. १९७९च्या पाचव्या सामन्याचा तो जिम रूकर पुढे निवेदक झाला. १९८९च्या जूनमध्ये फिलाडेल्फियात पायरेट्सनी पहिल्याच इनिंगमध्ये दहा धावा काढल्या. रूकर उत्साहात बोलून गेला, की हा सामना आपण हरलो तर मी पिट्सबर्गला चालत जाईन. सामना आम्ही १५-११ असा हरलो. लोकांनी त्याला सोडलं नाही. हंगाम संपल्यावर तो खरंच फिलाडेल्फियाहून निघाला आणि ३०० मैलांवर अंतर तुडवून पिट्सबर्गला पोहोचला. त्या निमित्ताने धर्मादाय कामाला बराच पैसा जमला. आजी रोज मला विचारायच्या, “कुठवर आला गं?” आषाढात आमच्याकडे पालखी कुठे पोहोचली म्हणून विचारतात, त्याच चौकशीने.

त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग अधू होत गेला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. रेडिओला डोळे लागत नाहीत, पण वहीला लागतात. एके दिवशी त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, “आता कायम तूच.” कामावरून आले, स्वयंपाक उरकला, की मी शेजारी. मुलगी तिथेच गृहपाठ करायची.

१९९० ते १९९२ सलग तीन वर्षं संघ आपल्या विभागात पहिला आला. बॅरी बॉन्ड्स, अँडी व्हॅन स्लाइक, पिचर डग ड्रॅबेक, मॅनेजर जिम लेलँड. तिन्ही वेळा वर्ल्ड सिरीजच्या उंबऱ्यावर अडले. १४ ऑक्टोबर १९९२ची रात्र पिट्सबर्गमधल्या माझ्या पिढीचा कुणीही माणूस मिनिटामिनिटाने सांगेल. अटलांटात सातवा सामना, नववी इनिंग, आम्ही २-० पुढे. तीन बळी घेतले की वर्ल्ड सिरीज. दुसऱ्या बेसवरच्या होसे लिंडकडून साधा चेंडू निसटला, आणि त्याच वर्षी उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह त्याला मिळाला. २-१ झालं. तिन्ही बेस भरलेले, दोन बाद. फ्रान्सिस्को काब्रेरा नावाचा राखीव खेळाडू बॅट घेऊन आला. हंगामभरात तो जेमतेम खेळला होता. त्याने चेंडू डाव्या मैदानात काढला. एक जण आला, बरोबरी झाली. त्याच्या मागून दुसऱ्या बेसवरून सिड ब्रीम निघाला. ब्रीम आधी आमचाच होता, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेला, पळायला संघातला सगळ्यात संथ. बॉन्ड्सची फेक आली, कॅचर माइक लाव्हालियेरने ती घेतली, वळला, हात लांबवला. ब्रीम घसरत प्लेटवर पोहोचलेला होता.

बॉन्ड्सच्या त्या फेकीला लोक अजून दोष देतात. मला ते पटत नाही. चेंडू त्याला डावीकडे वळून घ्यावा लागला होता. लिंडचा चेंडू निसटला नसता तर ही वेळच आली नसती. पण बॉन्ड्स त्याच हिवाळ्यात मोठा करार घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेला, आणि गेलेल्या माणसावर दोष टाकणं सोपं असतं.

रेडिओवर अटलांटाचं मैदान गर्जत होतं. माझी पेन्सिल थांबली. आजींनी विचारलं, “लिहिलंस?”

“नाही.”

“लिही. काब्रेरा, सिंगल, सातकडे. दोन धावा. ब्रीमचा चौकोन पुरा भर.”

मी भरला. त्यानंतर पायरेट्सचे सलग वीस हंगाम जिंकल्यापेक्षा हरलेले जास्त असे गेले. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांमध्ये इतकी लांब पडझड दुसऱ्या कुठल्या संघाची झालेली नाही.

त्या पडत्या काळातच आजींनी मला आपली १९६०ची वही दाखवली. तोवर ती ट्रंकेत तळाशी होती. १३ ऑक्टोबर १९६०, फोर्ब्ज फील्ड, पायरेट्स विरुद्ध न्यूयॉर्क यँकीज, सातवा सामना. त्या मालिकेत यँकीजनी १६-३, १०-० आणि १२-० असे सामने जिंकले होते. तोवरच्या सहा सामन्यांत धावा त्यांच्या ४६, आमच्या १७. आणि तरीही मालिका ३-३ अशी अडकली होती. त्या दुपारी आजी इस्त्री करता करता रेडिओ ऐकत होत्या आणि नवरा पाळीवर होता. नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात ९-९ अशी बरोबरी असताना बिल मॅझरॉस्कीने राल्फ टेरीचा चेंडू डाव्या भिंतीपलीकडे घालवला. घड्याळात ३ वाजून ३६ मिनिटं झाली होती. जगज्जेतेपद अशा शेवटच्या होमरनवर, सातव्या सामन्यात ठरल्याचं ते आजवरचं एकमेव उदाहरण आहे.

पण मी वही चाळताना आजी म्हणाल्या, “‘के’ शोध.” मी दोन्ही पानं खालीवर पाहिली. एकही नव्हता. १९ धावांचा सामना, आणि दोन्ही बाजूंचा एकही बॅटर तीन स्ट्राइकवर बाद नाही. वर्ल्ड सिरीजच्या सगळ्या इतिहासात असा सामना हा एकच. एक चौकोन मात्र लाल पेन्सिलीने गिरवलेला होता, आणि तो मॅझरॉस्कीचा नव्हता. तो हॅल स्मिथचा होता. आठव्या इनिंगमध्ये या राखीव कॅचरने तीन धावांचा होमरन मारून संघाला ९-७ असं पुढे नेलं होतं. नवव्या इनिंगच्या सुरुवातीला यँकीजनी बरोबरी केली नसती तर तोच त्या दिवसाचा नायक झाला असता. अर्ध्या तासात त्याचं नाव मागे पडलं. आजींनी लाल रंग त्याला दिला होता. समासात स्लोव्हाकमध्ये एक लांब ओळ होती.

फोर्ब्ज फील्ड १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पाडलं. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या आवारात मैदानाच्या भिंतीचा एक तुकडा उभा आहे, आणि तिथली होम प्लेट विद्यापीठाच्या एका इमारतीत काचेखाली जमिनीत बसवलेली आहे. १९८५मध्ये एक माणूस १३ ऑक्टोबरला टेपरेकॉर्डर घेऊन त्या भिंतीशी एकटाच जाऊन बसला आणि त्याने त्या सामन्याचं रेडिओवरचं वर्णन सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. पुढे लोक जमू लागले. दुपारी एकला टेप सुरू करतात, म्हणजे होमरन बरोबर ३:३६ला येतो. आजींना मी खुर्चीगाडीत बसवून तिथे नेलं. आठव्या इनिंगला, हॅल स्मिथच्या वेळी, त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आजूबाजूच्या लोकांना वाटलं म्हातारीचं काही चुकतंय, आणि एका भल्या माणसाने वाकून सांगितलं, “आजी, अजून एक इनिंग आहे.” त्यांनी त्याला हॅल स्मिथबद्दल जे ऐकवलं ते नवव्या इनिंगपर्यंत चाललं.

१९९७चा संघ अख्खा मिळून सुमारे ९० लाख डॉलर पगाराचा होता. शिकागोचा अल्बर्ट बेल एकटा त्याहून जास्त घेत होता. १२ जुलैच्या रात्री आमचं थ्री रिव्हर्स स्टेडियम क्वचित भरायचं तसं भरलं होतं, समोर ह्यूस्टन. फ्रान्सिस्को कोर्दोव्हाने नऊ इनिंग एकही हिट दिला नाही, पण आमच्याही धावा शून्य. दहाव्या इनिंगला रिकार्दो रिंकॉनने तेच पुढे चालवलं आणि मार्क स्मिथने तीन धावांचा होमरन मारला. आजींनी तेवढ्या रात्री ह्यूस्टनला फोन लावायला लावला. मुलाने उचलल्यावर नमस्कार-चमत्कार काही नाही. “तुझ्या गावाला एक हिट मिळाला नाही,” एवढं सांगून फोन माझ्या हातात दिला.

त्या हिवाळ्यात त्या गेल्या. मुलगा आला, घर आवरलं, विकायला काढलं. वह्यांची ट्रंक त्याने माझ्या पोर्चवर आणून ठेवली. “मला स्लोव्हाक येत नाही आणि माझ्या पोरांना बेसबॉल येत नाही,” म्हणाला. मी म्हटलं, स्लोव्हाक मलाही येत नाही. तो म्हणाला, “पण तू लिहिणार.”

तेव्हापासून तो फोन करतो. २००१च्या फेब्रुवारीत थ्री रिव्हर्स सुरुंगाने पाडलं तेव्हा केला. ९ एप्रिलला नदीकाठच्या नव्या पीएनसी पार्कमध्ये पहिला सामना होता आणि त्याच सकाळी पॉप्स स्टारजेल गेला. त्याचा पुतळा दोनच दिवसांपूर्वी मैदानाबाहेर बसवला होता. तेव्हाही फोन आला, पण बोलणं फारसं झालं नाही. २८ जुलैला मात्र तो ओरडतच होता. ह्यूस्टनशीच सामना, शेवटची इनिंग, दोन बाद, बेसवर कुणी नाही, ८-२ असे आम्ही मागे. तिथून ब्रायन जाइल्सच्या ग्रँड स्लॅमने, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असतानाच्या होमरनने, ९-८. ह्यूस्टनमध्ये वीस वर्षं राहूनही त्याची निष्ठा तसूभर हलली नव्हती. तो म्हणाला, शेजाऱ्यांनी भिंत ठोकली.

२००८च्या शेवटी मंडळात मला एकदम मान आला. बनारसकडचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, भालाफेक करणारे दोन तरुण, एका स्पर्धेतून निवडून पायरेट्सनी करारबद्ध केले. तीस वर्षं ज्यांनी मला ‘ती बेसबॉलवाली’ म्हणून चिडवलं ती सगळी मंडळी मला इनिंग म्हणजे काय ते विचारायला लागली. दोघेही खालच्या पायरीच्या संघांत खेळले, वरपर्यंत आले नाहीत. मी त्यांच्यासाठी पान आखून ठेवलं होतं.

९ सप्टेंबर २०१३ला पायरेट्सनी ८२वा विजय मिळवला. वीस वर्षांचा फेरा सुटला, आणि तो सामना टेक्ससमध्ये होता. आजींचा मुलगा सत्तरीचा झाला होता. ह्यूस्टनहून गाडी हाकत तो आर्लिंग्टनला गेला आणि १-० असा तो सामना बघून आला. १ ऑक्टोबरला आमच्याकडे सिनसिनाटीविरुद्ध एकाच सामन्याचा निकाल होता. मुलगी शिकागोहून आली आणि तिने तिकिटं काढली. ४०,४८७ लोक, बहुतेक काळ्या कपड्यांत. इतका आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. दुसऱ्या इनिंगमध्ये मार्लन बर्डने होमरन मारला. मग सगळं मैदान समोरच्या पिचरचं, जॉनी क्वेटोचं, नाव सूर लावून घ्यायला लागलं, “क्वेऽऽटो, क्वेऽऽटो”. तो प्लेटकडे बघत उभा होता आणि त्याच्या हातातून चेंडू खाली पडला. माणसं वेडी झाली. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनचा होमरन. मुलीने मला मिठी मारली, वही खुर्चीखाली गेली, पेन्सिल सापडेना. आम्ही ६-२ जिंकलो.

घरी पोहोचलो तर फोन वाजतच होता.

“वही?” त्याने विचारलं.

“दुसरी इनिंग कोरी राहिली.”

“घे. मी टीव्हीवर बघितलंय.”

त्याने सांगितलं तसं मी भरत गेले. बर्ड. मार्टिन.

“क्वेटोच्या हातून चेंडू पडला तो?”

“त्याला खूण नाही,” मी म्हटलं. “बेसवर कुणी नसताना चेंडू पडला तर वहीत काही लिहायचं नसतं.”

“आईने लिहिलं असतं.”

ते खरं होतं. मी समासात लिहिलं, मराठीत, दोन ओळी. पुढच्या आठवड्यात सेंट लुईसने पाच सामन्यांच्या मालिकेत आम्हाला ३-२ असं हरवलं. तेही लिहिलं आहे.